फेअर विरुद्ध चार्ज

१ सप्टेंबर १९६४, मंगळवार
रोजनिशी लिहायला घेतली. थोर माणसं लिहितात असं ऐकलंय. ही वही कुणी वाचायची नाही, माझ्या बायकोनं, नलिनीनं तर मुळीच नाही, कारण तिच्याबद्दल स्पष्ट लिहावं लागणार आहे.

कारण असं. आज अमृतप्पासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते कन्नडात बोलले, मीही कन्नडातच बोललो, फाडफाड. हेड क्लार्कची जागा रिकामी होतेय. मी सगळ्यांत सीनियर. पण डिपार्टमेंटल परीक्षेचे दोन पेपर पास पाहिजेत, एक इंग्लिश, एक कन्नड. माझे दोन चान्स वाया गेले. एकदा ताप आला म्हणून बसलो नाही. दुसऱ्यांदा इंग्लिशच्या पेपरात पेन गळालं, त्या रागात कन्नडच्या पेपराला गेलोच नाही. दोन्ही वेळी माझा दोष नव्हता. हा तिसरा चान्स आणि शेवटचा.

पास झालो तर बीदरातच हेड क्लार्क. नापास झालो तर बदली, रायचूरकडच्या कुठल्यातरी तालुक्याला. तिथं मुलींचं हायस्कूल नाही असं साहेब स्वतःहून म्हणाले. आमची मालती आठवीत आहे, वर्गात पहिली. म्हणजे हे सगळं तिच्यासाठीच.

परीक्षा १२ आणि १३ डिसेंबरला. वेळ रग्गड आहे. संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे.

२ सप्टेंबर
पाचला उठलो नाही. गजर नीट वाजला, पण त्यानं नलिनी उठली. तिला तसंही उठायचंच होतं.

ऑफिसात बसून प्लॅन आखला. मी निजामाच्या काळात उर्दूतून मॅट्रिक झालेला माणूस, तेव्हा इंग्लिश जरा कच्चं. कन्नडचा प्रश्नच येत नाही. भाजीवाल्याशी कन्नड, सासुरवाडीला कन्नड. आई देवापुढं कन्नड पदं म्हणायची, ती सगळी आजोबांनी देवनागरीत उतरवून ठेवलेली, आणि मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ती बघून म्हणत आलोय. अशा माणसाची कन्नडची परीक्षा घेणं म्हणजे माशाला पोहायला लावणं. तेव्हा सगळा वेळ इंग्लिशला.

६ सप्टेंबर, रविवार
मोठा शोध लागला.

जुने तीन इंग्लिश पेपर मिळवले. तिन्ही पेपरांत एक प्रश्न आहेच: खालील शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरा. शब्द दर वेळी निराळे. मी विचार केला. पेपर काढणारा कोण? तोही कुठल्यातरी ऑफिसातच बसणारा माणूस. त्याच्या कानावर दिवसभर कोणते इंग्लिश शब्द पडत असतील? साहेब, हे फेअर करून आणू का. अहो, चार्ज कधी देताय. फेअर आणि चार्ज. यंदा हेच दोन येणार. मला तिळमात्र शंका नाही.

शिवाय विहीर एकच खणावी, पण पाणी लागेपर्यंत. दोन शब्द मुळापर्यंत आले की बाकीचं इंग्लिश आपोआप झिरपत येईल. नलिनीला हे समजावून सांगितलं. ती ज्वारी निवडायलीती. म्हणाली, आणि कन्नडचं काय? तिला मुद्दाच कळला नाही.

१३ सप्टेंबर
वडिलांची इंग्लिश-उर्दू डिक्शनरी माळ्यावरून काढली. पुठ्ठा गेलाय, पण आतला माल शाबूत. फेअर अर्ध्या पानात आटपतो. चार्ज पानभर पसरलाय. सुरुवातीलाच चार्जची सरशी.

फेअर: गोरा. न्यायाचा. जत्रा. निरभ्र आभाळ. फेअर कॉपी. बरा, म्हणजे बीदरच्या पेढ्यासारखा, ना वाईट ना चांगला. आणि बायकांनाही फेअर म्हणतात. हे नलिनीला सांगितलं. ती म्हणाली, कुणी म्हणतात? मी म्हटलं, इंग्रज. ती म्हणाली, त्यांच्या बायकांना म्हणत असतील.

नीट बघितलं तर फेअरचा एकही अर्थ कुणाला त्रास देत नाही. स्वभावानं गरीब शब्द आहे. जत्रासुद्धा लांबूनच बघतो म्हणेल असा.

२० सप्टेंबर
चार्ज. ताबा. फी. आरोप. लाठीचार्ज. बैल शिंगं रोखून अंगावर येतो तो. बंदुकीत ठासतात ती दारू. बॅटरीत भरतात ती वीज. ज्याची काळजी आपल्यावर आहे असं लेकरू, तेही चार्जच.

दुपारभर विचार केला. ह्या सगळ्यांत नातं काय? ऊन मावळता मावळता उत्तर सापडलं. चार्ज म्हणजे कुणाच्यातरी अंगावर काहीतरी घालणं. ओझं, पैसे, गुन्हा, काठी, बैल. हे एवढं खोल कुणी शोधलं नसेल. नलिनीला सांगितलं तर म्हणाली, मग हेड क्लार्कचा चार्ज म्हणजे तुमच्या अंगावर ओझंच की, कामून मागायलाय? मी डिक्शनरी मिटली आणि जेवायला मागितलं. उत्तर होतं.

पाचला उठणं अजून जमत नाही. पहाटे डास असतात.

२७ सप्टेंबर
नरसिंगबद्दल लिहिणं भाग आहे. आमच्या ऑफिसातला माझा ज्युनियर, निर्णा गावचा. माणूस सरळ, कामाला वाघ. तोही ह्याच परीक्षेला बसतोय, पहिल्यांदाच. मी नापास झालो आणि तो पास झाला तर जागा त्याची. तसं होणार नाही, तरी माणसानं सावध असावं.

आज त्याला फेअरचा आठवा अर्थ सांगितला, बसचं भाडं. तो म्हणाला की त्याचं स्पेलिंग वेगळं, तो शब्दच वेगळा. मी डिक्शनरीत बघितलं नाही. इतक्या बारकाईत शिरणारी माणसं मोठी होत नाहीत. भाडं मी धरणार. फेअरला तेवढाच आधार.

मग तो हळूच म्हणाला की रावसाब, इंग्लिश होईल, आपण रोज तेच तर लिवतो. कन्नडचं बघा. तो म्हणे छप्पन साली राज्य बदललं तेव्हा पोराच्या पहिलीच्या पुस्तकावर अक्षरं गिरवायला शिकला, पोराच्याच शेजारी बसून. बायको शोभाबाई दोघांची पाटी तपासायची. हे तो हसत हसत सांगत होता. मी मान डोलावली. प्रत्येकाची आपापली पायरी असते.

१५ ऑक्टोबर, दसरा
अभ्यासाला सुट्टी. घरोघर बन्नी, म्हणजे दसऱ्याचं सोनं, वाटत फिरलो. पानं देताना प्रत्येकाशी कन्नडात बोललो. सराव झाला म्हणायचा. नरसिंग गावी गेलाय, तिकडं त्यांच्या विहारात कार्यक्रम असतो.

वकिलांच्या ओसरीवर फेअर आणि चार्ज यांच्यावर थोडं बोललो. एक दोघं तर चहाला न थांबताच निघाले, विचारात पडल्यासारखे.

२० ऑक्टोबर
आज विशेष. साहेबांना गुलबर्ग्याला कन्नडात पत्र पाठवायचं होतं. मी उभ्या उभ्या सांगितलं, नरसिंगनं लिहिलं. आमची पद्धतच आहे ही, बोलणार मी, लिहिणार तो. साहेब म्हणाले, मसुदा छान झालाय. नरसिंगनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी तिथल्या तिथं साहेबांना इंग्लिशमधून म्हटलं की मी चार्ज घ्यायला तयार आहे. साहेब कन्नडात म्हणाले की आधी परीक्षा. मग कागदावरून नजर न काढता म्हणाले, प्राणेशराव, ह्या वेळी वर माझी काही मदत होणार नाही. रायचूरला पाठवायची नावं मागितलीत.

हे त्यांनी सहज म्हटलं. घरी येताना आपली गल्ली ओलांडून पुढं गेलो. ऊन लागलं असणार.

२ नोव्हेंबर
ऑफिसची नवी पाटी लागली, नुसती कन्नडात. दार जुनंच आहे म्हणून सापडलं.

चार्ज चौदा, फेअर नऊ. भाडं धरून.

८ नोव्हेंबर, रविवार
आज घरात प्रसंग झाला. लिहून मोकळं व्हावं.

नलिनी मादन हिप्परग्याची. तिचे वडील कन्नड शाळेचे मास्तर, आणि ती सातवीपर्यंत कन्नडातच शिकली. आज भाकरी थापून झाल्या तशी ती मालतीची पाटी घेऊन माझ्यासमोर बसली. हाताला पीठ तसंच. पाटीवर तिनं अक्षरं काढली होती, मोठी मोठी, वाटोळी, आणि म्हणाली, रोज चार गिरवा, परीक्षेपर्यंत येऊन जातील.

मी तिला शांतपणे समजावलं. भाषा म्हणजे माणूस, लिपी म्हणजे अंगरखा. अंगरखा बदलला म्हणून माणूस बदलत नाही. परिपत्रकात कन्नड भाषेची परीक्षा असं लिहिलंय, लिपीचा कुठं उल्लेख नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कन्नड देवनागरीत लिहितात आणि देवानं आजवर हरकत घेतली नाही. ती म्हणाली, पेपर देव तपासणार हाय का?

मालती दारात उभी राहून ऐकत होती. लेकीसमोर बापानं बायकोपुढं पाटी धरायची? मी म्हटलं, इंग्लिशचा वेळ मोडतोय. नलिनी पाटी पुसून आत गेली. मला वाईट वाटलं. पण मोठ्या कामात असं होतंच.

१५ नोव्हेंबर
नलिनी पुन्हा पाटी घेऊन बसली. मी डिक्शनरीतून मान वर केली नाही.

२२ नोव्हेंबर
आज पाटी नाही. बरं झालं. तरी दोनदा दाराकडं बघितलं.

मालतीनं विचारलं, अप्पा, आपल्याला जावं लागतंय का? तिच्या शाळेत कुणीतरी बोललं असणार. मी म्हटलं, तुझी शाळा बदलणार नाही. बापाचा शब्द आहे. ती म्हणाली की बाईंनी तिला सांगितलंय, हिनं मॅट्रिकला जिल्ह्यात नंबर काढावा. एवढं बोलून ती पुस्तक उघडून बसली. पान काही उलटलं नाही.

मी तिला चार्जचा तो अर्थ सांगितला, आपल्या जिम्मेदारीवर असलेलं लेकरू. म्हटलं, बघ, तू माझी चार्ज आहेस. तिला हसू आलं नाही.

५ डिसेंबर
आठवडा उरलाय. जेवण जात नाही. काल स्वप्नात बैल आला, चार्ज करत. मी त्याला म्हणत होतो की हा फेअर नाही.

नलिनीला वाटतं मला कन्नडची भीती आहे. छे. भीती एवढीच की पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात ऐन वेळी दुसरे शब्द यायला नकोत.

नरसिंगनं आज आपली सरावाची कन्नड पत्रं आणून टेबलावर ठेवली. म्हणाला, नुसती बघून उतरवा रावसाब, हाताला वळण लागतंय. मी म्हटलं, ठेव. ती खाली पडलीत वाटतं, शोधली नाहीत.

१२ डिसेंबर, शनिवार, सायंकाळी
इंग्लिश झालं. अन्याय झाला.

तो प्रश्नच नव्हता. कुठलेच शब्द नव्हते. सगळा पेपर नवीन पद्धतीचा: काँट्रॅक्टरला उशिराबद्दल खुलासा मागणारं पत्र, एक टिप्पणी, एका लांबलचक मजकुराचा सारांश. हे तर मी रोज करतो. ह्यात परीक्षा कसली? पत्र लिहून झालं तरी बाजूचे अजून नाव-नंबरच टाकत होते.

उरलेल्या वेळात मागच्या कोऱ्या पानांवर स्वतःहून लिहिलं, फेअर अँड चार्ज, ए कंपॅरिझन. फेअर गरीब, चार्ज तापट, दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, तरी एकाच ऑफिसात राहतात. तपासणाऱ्याला कळेल की हा साधा उमेदवार नाही. तरीपण धाकधूक आहे. मार्क पत्राला देतील की विद्वत्तेला, सांगता येत नाही.

नलिनीनं विचारलं, उद्याचं? मी म्हटलं, उद्या जाऊन यायचं फक्त.

१३ डिसेंबर, रविवार
कन्नड उत्तम गेलं.

पेपर छापील कन्नडात होता. बसच्या पाट्या वाचून काही अक्षरं ओळखीची आहेत. पहिल्या प्रश्नात पत्र असं दिसलं. बाकीचं शेजारच्याला विचारणार होतो, पण पर्यवेक्षक डोळे वटारून होते. मग मी ठरवलं, एक पत्र लिहावं आणि एक निबंध. निबंध बीदरवर. किल्ला, लाल माती, बिदरी काम, विमानतळावरून उठणारी विमानं, काही सोडलं नाही. वाक्य कसं पाण्यासारखं वाहत होतं. अक्षर तर असं आलं की फेअर करायची गरजच नको. सगळं कन्नड, अगदी अस्सल, आणि सगळं देवनागरीत.

पर्यवेक्षक दोनदा माझ्याजवळ येऊन थांबले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं की ही लिपी कोणती. मी कन्नडातच म्हटलं की वाचून बघा, भाषा तुमचीच आहे. त्यांनी खरंच दोन ओळी ओठात वाचल्या, माझ्याकडं बघितलं, आणि पुढे गेले. भारावले असणार.

बाहेर नरसिंग भेटला. हातावर शाई होती. म्हणाला, दोन शब्द अडले, जोडाक्षरं आठवली न्हाईत. मला त्याची कीव आली. मी कसं लिहिलं ते त्याला सांगितलं. तो चालता चालता थांबला. मग म्हणाला, चला रावसाब, चहा घेऊ. चहा घेतला. पैसे त्यानंच दिले.

११ जानेवारी १९६५
रिझल्टची वाट. इंग्लिशची काळजी, कन्नडची नाही.

हेड क्लार्कच्या खुर्चीत दुपारी थोडं बसून बघितलं. जागा रिकामीच आहे. उजवा हात टेकायला जरा उंच पडतो, त्याची सवय करून घ्यावी लागेल.

१४ फेब्रुवारी
अजून नाही. नलिनी बोलत नाही फारशी. बोलते, पण कामापुरतं. मालती चाचणीत पहिली आली. रोज संध्याकाळी मी आलो की ती माझ्या तोंडाकडं बघते आणि काही विचारत नाही. ती विचारेल तर बरं होईल असं वाटतं. आणि न विचारलेलंही बरं.

१० मार्च, बुधवार
रिझल्ट आला.

कागद कन्नडात होता म्हणून नरसिंगला वाचायला सांगितला. त्यानं एकदा मनात वाचला. साहेब समोर उभे. सगळं ऑफिस उभं. तो म्हणाला, रावसाब, इंग्लिश पास. मी हात वर केला. मी म्हटलं, पुढचं वाच, पुढचं तर झालेलंच आहे. तो खाली बघत म्हणाला, कन्नड शून्य.

नरसिंग दोन्हींत पास.

११ मार्च
विचार करतो ते असं. दहा मार्क म्हणजे नापास. पाच मार्क म्हणजेही नापास. पण शून्य म्हणजे वाचलंच नाही. ज्याचा पेपर वाचला गेला नाही तो नापास कसा? मी नापास नाही, मी अवाचित आहे. हे साहेबांना पटवून दिलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की अपील करा, जरूर करा. अर्ज कन्नडात लागेल.

१४ मार्च, रविवार
अपील नलिनीकडून लिहून घेतलं. मी सांगत होतो, ती लिहीत होती. तिचं अक्षर चांगलं आहे, वाटोळं, एकसारखं. मी आधी कधी बघितलं नव्हतं. मी सांगत होतो की सदर उमेदवारास मातृभाषेप्रमाणे कन्नड येत असून केवळ लिपीच्या क्षुल्लक कारणास्तव. तिथं ती थांबली. पेन खाली ठेवलं.

"क्षुल्लक न्हवतं ते. माझ्यापुढं बसून गिरवायला तुम्हाला कमीपणा वाटला. दुसरं काही झालं न्हाई."

मग पेन उचलून तिनं राहिलेलं सगळं लिहिलं, क्षुल्लकसकट. वाळू टाकून शाई टिपली. मालती आतल्या खोलीत होती, तिनं ऐकलं असणार. मला लाज वाटली. हे इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

३० एप्रिल
अपील नामंजूर. एका ओळीत. ती ओळ नलिनीनं वाचून सांगितली.

१७ मे
बदलीची ऑर्डर आली. रायचूर जिल्हा.

नरसिंगला टेबल दिलं. सह्या झाल्या. त्यानं माझी खुर्ची स्वतः पुसली आणि म्हणाला, रावसाब, बसा अजून, घाई कशाची. मी बसलो नाही. त्याच्यावर राग धरावा म्हणून दिवसभर प्रयत्न केला. सापडेना काही.

घरी नलिनीनं सांगून टाकलं की ती आणि मालती बीदरातच राहणार. मालतीची नववी इथंच होणार. इथलं भाडं झेपणार नाही म्हणून नरसिंगच्या घराजवळ एक खोली बघितलीय, शोभाबाई सोबतीला आहेत. मला विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, माझंही मत तेच होतं. ती म्हणाली, मग बरं झालं.

६ जून
बस स्टँडवर मालती आली होती. बस सुटायला लागली तशी खिडकीशी येऊन म्हणाली, अप्पा, जेवत जा वेळेवर. एवढंच. नलिनीनं भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. निम्म्या वाटेत संपल्या.

१४ जून, सोमवार
नवं ऑफिस. सगळं काम कन्नडात. मला आवक-जावकला बसवलंय, कागदावर शिक्के मारायला. शिक्का कन्नडात आहे, पण सरळ कुठल्या बाजूनं ते कळतं. इथं मराठी कुणाला येत नाही. उर्दू येणारे दोघं होते ते रिटायर झाले. इंग्लिश साहेबांना येतं, पण ते दौऱ्यावर असतात.

आज मालतीची शाळा सुरू झाली असेल. नववीचा पहिला दिवस. तिची शाळा बदलणार नाही असा मी शब्द दिला होता, आणि बदलली नाही. एवढं तरी मी साधलं. संध्याकाळी खोलीत कुणी माझ्या तोंडाकडं बघायला नसतं. फार करमत नाही. फारच करमत नाही.

बसव्वाच्या खानावळीत जेवायला गेलो. आपल्या अस्सल बीदरच्या कन्नडात म्हटलं, अक्का, थोडा भात वाढा. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा म्हटलं, सावकाश. आजूबाजूचे जेवता जेवता थांबले. बसव्वा बाईमाणूस चांगली, हसली नाही. आत तोंड करून तिनं कुणालातरी विचारलं,

"ह्यांच्यासोबत कन्नड येणारं कुणी आलंय का बघ की."

ते मला शब्द न् शब्द कळलं. मग मी ताटाकडं बोट केलं आणि पाची बोटं तोंडाशी नेली. तिनं भात वाढला.